मिडी फाइलमध्ये आवाज नसतो

‘मिडीचा आवाज हलका असतो’ हा शेरा घरगुती स्टुडिओपासून कीबोर्डच्या क्लासपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ज्याच्या फाइलवर तो मारला जातो तोही मान डोलावतो. मिडीबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज या एका शेऱ्यातून फुटतात, कारण मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम व्यापारमेळ्यात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 हे सिंथेसायझर (सिंथ) एका मिडी केबलने जोडून दाखवले गेले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना वाजवता यायला हवी होती. त्या केबलमधून आवाज न्यायचा विचारच नव्हता, जाणार होत्या त्या सूचना. पट्टी दाबली की तीन बाइट निघतात, उदाहरणार्थ 144, 60, 100. पहिला सांगतो की पहिल्या चॅनलवर स्वर सुरू कर. दुसरा सांगतो पट्टी कुठली, 60 म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक. तिसरा सांगतो बोट किती जोरात पडलं. बोट उचललं की स्वर थांबवायची सूचना जाते. फाइलमध्ये साठतात त्या अशाच सूचना आणि त्यांच्यामधलं अंतर. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा स्टिरिओ आवाज सुमारे 10 एमबी जागा घेतो आणि अख्ख्या गाण्याची मिडी फाइल बहुधा 100 केबीतही मावते, ती यामुळेच.

मग फाइल उघडली की वाजतं ते काय? विंडोजमध्ये एक छोटा सिंथ आधीपासून बसवलेला असतो. तो सूचना वाचतो आणि आपल्याकडच्या साध्या आवाजांत वाजवतो. 1991 च्या जनरल मिडी ठरावाने वाद्यांना क्रमांक दिले: 1 पियानो, 105 सतार, 112 शहनाई. क्रमांक ठरले, पण सतार कशी वाजावी हे ज्याच्या त्याच्या सिंथवर राहिलं. तीच फाइल रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या सॅम्पल केलेल्या पियानोला जोडली की ऐकणाऱ्याला वेगळंच वाद्य ऐकू येतं. म्हणूनच प्रोजेक्टमधून मिडी एक्स्पोर्ट केली की प्लगइन, रिव्हर्ब, मिक्सिंग हे सगळं मागेच राहतं आणि ‘फाइल बिघडली’ अशी तक्रार येते. फाइल शाबूत असते. वाजवणारा बदललेला असतो. ‘मिडीचं एमपीथ्री करून द्या’ या मागणीचंही तसंच. आधी कुठल्या तरी वाद्यावर ती वाजवून आवाज तयार करावा लागतो, त्याशिवाय एमपीथ्री कशाचं करणार? उलट दिशेने आवाजावरून मिडी काढणं हा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. एकट्या बासरीचा तो बऱ्यापैकी जमतो, तबला-तानपुऱ्यासकट मैफिलीचा गोंधळतो.

‘मिडी यांत्रिक वाजते’ हा आक्षेप जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. फाइलमध्ये प्रत्येक मात्रेचे बारीक भाग केलेले असतात. मात्रेला 480 भाग आणि मिनिटाला 120 मात्रांची लय धरली, तर एक भाग जेमतेम एक मिलिसेकंदाचा होतो. वादकाचं किंचित मागे रेंगाळणं त्यात सहज टिकतं. ते पुसलं जातं ते क्वांटाइझ केल्यावर, म्हणजे स्वर मात्रेच्या ठरावीक जागांवर ओढून बसवल्यावर, आणि ती आज्ञा आपण दिलेली असते. जुने जाणकार केबलचा मुद्दा काढतील आणि तो खरा आहे: सेकंदाला 31,250 बिट या वेगाने एक स्वर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे दहा स्वर एकदम दाबले तर शेवटचा मागे पडतो. पण फाइल त्याच संगणकातल्या प्लगइनला वाजवत असेल, तर मध्ये ती केबलच नसते.

आपल्या संगीतासाठी खरा प्रश्न मिंडेचा आहे. पट्ट्या बारा, मग मींड कुठून येणार, असं म्हटलं जातं. त्यासाठी पिच बेंड आहे. त्याच्या 16,384 पायऱ्या असतात आणि नेहमीचा पल्ला वर-खाली दोन-दोन सेमीटोनचा असतो, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 4,096 भाग होतात. आंदोलित गंधाराला इतकी बारकाई पुरून उरते. अडचण पल्ल्याची असते. सा ते शुद्ध ग हे अंतर चार सेमीटोनचं, म्हणून प्रोजेक्टमध्ये पल्ला बारा ठेवून मींड काढली आणि ऐकणाऱ्याच्या वाद्यात तो दोनच राहिला, तर मींड कोमल रिषभापर्यंतही पोचत नाही. पल्ल्याची सूचना फाइलमध्ये घालता येते, पण सगळी प्लगइन ती मानत नाहीत. दोन्हीकडे तो हाताने जुळवलेला बरा. मूळ मिडीची एक मर्यादा मात्र मान्यच करावी लागते: बेंड अख्ख्या चॅनलला लागतो. मींड घेणाऱ्या स्वराच्या चॅनलवरच षड्ज धरून ठेवला, तर तोही घसरतो. मींड घेणाऱ्या वाद्याला, समजा सारंगीला, वेगळं चॅनल दिलं की काम भागतं. एकाच वाद्याच्या अनेक स्वरांना वेगवेगळी मींड हवी असेल, तर 2018 पासून रूढ झालेली एमपीई पद्धत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल देते, आणि 2020 च्या मिडी 2.0 मध्ये ही सोय मुळातच आहे. माउसने ओढलेली रेघ गायकाच्या मिंडेसारखी वाटत नाही हेही खरं, पण ती उणीव रेघ ओढणाऱ्या साधनाची आहे. दाब आणि बोटाची घसरण ओळखणाऱ्या कीबोर्डवरून आलेली मींड त्याच फाइलमध्ये जिवंत उतरते.

फाइलमध्ये आवाज नाही, मूळ रेकॉर्डिंग नाही, म्हणजे ती कुणीही वापरावी, असाही एक निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे आहेत, आणि हक्कांच्या मुदतीत असलेल्या गाण्याची चाल मिडीत उतरवली, तरी चालीवरचा हक्क रचनाकाराकडेच किंवा त्याने तो ज्याला दिला असेल त्याच्याकडेच राहतो.