पोर्ट घासल्याने स्कूटर घाट चढेल का?

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. तो चढून पाचगणीवरून महाबळेश्वरला पोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आलेले असतो. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर आहे, त्यांना इथला अनुभव ठाऊक असेल. खाली झोकात पळणारी गाडी वर जाताना धापा टाकू लागते. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतो, 'सिलिंडरचे पोर्ट थोडे घासून घ्या, मग बघा गाडी कशी पळते!' विद्यार्थी मित्रांनो, हा सल्ला कितपत खरा आहे ते आपण तपासून पाहू.

सातारा जिल्ह्याला हे इंजिन परके नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होत असे. तिचे इंजिन बजाजच्या जुन्या 'चेतक'प्रमाणेच दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक होते. चेतकच्या सिलिंडरचा आतला व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धावही ५७ मिलिमीटर. गणित करून पाहा; आकारमान सुमारे १४५ घनसेंटिमीटर येईल.

या इंजिनात उघडझाप करणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोके असतात. त्यांनाच मेकॅनिक पोर्ट म्हणतात. दट्ट्या खाली येताना आधी वरचे भोक उघडते आणि जळलेला धूर बाहेर पडतो. हे धुराचे पोर्ट. तो आणखी खाली आला, की त्याखालची भोके उघडतात आणि त्यांतून हवा व पेट्रोल यांचे ताजे मिश्रण आत शिरते. दट्ट्या वर जाताना ही भोके पुन्हा झाकतो. धुराचे पोर्ट मात्र सर्वांत शेवटी बंद होते, आणि तोवर थोडे ताजे मिश्रणही धुराबरोबर निसटते. दोन-धावी इंजिन पेट्रोल जास्त खाते आणि हवाही जास्त दूषित करते, त्याचे एक मोठे कारण हेच.

आता या भोकांना वेळ किती मिळतो ते पाहू. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे करत असेल, तर एका फेऱ्याला ६० भागिले ५,००० म्हणजे ०.०१२ सेकंद लागतो. धुराचे पोर्ट फेऱ्याच्या ४० टक्के काळ उघडे राहते असे धरले, तर धूर जायला मिळतात फक्त ०.००४८ सेकंद. फेरे १०,००० झाले की ०.००२४ सेकंद. इतक्या थोड्या वेळात धूर पुरता बाहेर जात नाही. म्हणून शर्यतीची इंजिने बनवणारे हे पोर्ट वरच्या बाजूने घासून उंच करतात. ते लवकर उघडते, उशिरा मिटते, आणि वेगात इंजिन मोकळा श्वास घेते.

पूर्व जर्मनीतील वॉल्टर काडेन या अभियंत्याने हे शास्त्र फार पुढे नेले. धुराच्या नळीत उठणाऱ्या दाबाच्या लाटा परत फिरून नेमक्या वेळी पोर्टापाशी याव्यात, अशा आकाराची नळी त्याने बनवली. परतलेली लाट निसटणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या एम्‌झेड मोटारसायकलने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. त्याहून मोठे इंजिन असलेल्या चेतकची शक्ती साडेसातच्या आसपास होती! पण ती किमया मिनिटाला दहा हजारांवर फेरे असतानाच साधत असे. फेरे उतरले, की लाटेची वेळ चुकते आणि ताकद ओसरते.

घाटात नेमके हेच आडवे येते. चढावर फेरे कमी होतात. समजा ते २,५०० वर आले. मुळातल्या पोर्टाला आता ०.००९६ सेकंद मिळतात. पोर्ट घासून ते फेऱ्याच्या ५० टक्के काळ उघडे राहू लागले असेल, तर ०.०१२ सेकंद. इतका वेळ दार उघडे राहिल्यावर ताजे मिश्रण अधिकच निसटणार. शिवाय ज्वलनाने दट्ट्याला मिळणारा रेटाही लवकर संपतो. म्हणजे सपाट रस्त्यावर वेग वाढेल, पण घाटात गाडी अधिकच रडेल. भोक बेताबाहेर रुंद केले, तर दट्ट्यावरची रिंग त्यात अडकून तुटते ती वेगळीच.

मग वर गेल्यावर गाडी दमते का? कारण हवा विरळ होते. समुद्रसपाटीला १४५ घनसेंटिमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १७४ मिलिग्रॅम भरते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते १५२ च्या जवळपास असते. आठवा हिस्सा हवाच कमी! पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रण दाट होऊन नीट जळत नाही. उणी हवा कानशीने घासून मिळत नाही. तेव्हा वेळीच खालचा गिअर टाकावा. कायम वर राहणाऱ्या गाडीच्या कार्बुरेटरला जाणकाराकडून थोडा लहान जेट बसवून घ्यावा.

हाच जेट घेऊन वाईला उतरलात, तर उलटा धोका आहे. खालच्या दाट हवेत पेट्रोल अपुरे पडून इंजिन तापते. या इंजिनाला वंगणही पेट्रोलमधूनच मिळते. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. म्हणूनच लांब उतारावर गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून ठेवू नये, मधूनमधून किंचित उघडावा. नाहीतर फेरे चालू आणि तेल बंद अशी स्थिती होऊन दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होतो आणि चाक एकाएकी अडते. घाटातल्या वळणावर असे झाले तर जिवावर बेतू शकते.

यंत्रात एका जागी मिळवलेले दुसऱ्या जागी चुकवावे लागते. कानस हाती घेण्यापूर्वी गाडीला वेग हवा आहे की चढण्याची ताकद, हे ठरवावे. आणि घासलेला धातू पुन्हा भरून येत नाही, हेही लक्षात ठेवावे.