इयादत फक्त उंबरठ्यापर्यंत नको

अहेरीच्या मशिदीत जुम्याची नमाज संपली की कधी कधी पेशइमाम साहेब सांगतात, "मोहल्ल्यातील एक बहीण बीमार आहे. बाहेर चादर धरली आहे. अल्लाहच्या वास्ते मदत करा." नाव घेतले जात नाही, पण बहुतेकांना ते ठाऊक असते. चादरीत दहाच्या नोटा पडतात, पाचशेच्याही पडतात. गॅरेजवाला, कपड्यांचा फेरीवाला, आलापल्लीहून आलेला ड्रायव्हर, कोणीच हात आखडता घेत नाही. आपली जमात लहान असली तरी दिलाने गरीब नाही.

काही वर्षांपूर्वी ही चादर आमच्या खालांसाठी धरली गेली होती. त्यांच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने त्यांनी ती लपवली. पुरुष डॉक्टरला दाखवायचे कसे, ही शरम होती; आणि घरात मुलीच्या लग्नाचे बोलणे चालले असताना आजाराचे नाव कशाला काढायचे, हा विचारही होता. कपड्यांवर डाग दिसले तेव्हा सुनेला कळले. मग नागपूर, तुकड्याची तपासणी, शस्त्रक्रिया, दर तीन आठवड्यांनी केमो. बहुतेक उपचार सरकारी योजनेत झाले आणि चादरीतल्या पैशांनी गाडीभाड्याचा भार हलका केला.

त्यानंतर शेक सुरू झाला. शेक म्हणजे रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे ते घ्यावे लागते. मशीनवर काही मिनिटेच जातात, पण त्यासाठी नागपुरातच राहावे लागते. खालांचा मुलगा रोजंदारीवर गाडी चालवायचा आणि सुनेच्या कडेवर तान्हे बाळ होते. अकराव्या दिवशी खाला म्हणाल्या, "बस झाले, मला घरी न्या." आणि आम्ही त्यांना घरी आणले. पुढच्या रमजानच्या आधीच त्यांचा इंतिकाल झाला.

शेक पूर्ण झाला असता तर त्या वाचल्या असत्या, असे आम्ही म्हणणार नाही. हयात आणि मौत अल्लाहच्या हाती आहे. पण एक गोष्ट आमच्या मनाला आजही टोचते. त्या जुम्याला चादरीत पैसे टाकणारे हात भरपूर होते. नागपूरला खालांजवळ चार दिवस राहायला मात्र कोणी निघाले नाही. कोणी नकार दिला, असेही नाही. आम्ही विचारलेच नाही, आणि कोणाच्या मनातही ते आले नाही.

अंतर हाच अर्धा आजार

अहेरीत उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे तोंडाची, छातीची प्राथमिक तपासणी होऊ शकते. पण कर्करोगाच्या पूर्ण उपचारासाठी तालुका सोडावाच लागतो. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर आणि नागपूर अडीचशेहून अधिक. आष्टीकडे जाणारा रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी खिळखिळा केलेला. आगगाडी पकडायची तर आधी बल्लारशाह गाठायचे. भामरागडकडच्या माणसाला पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर ओसरण्याची वाट पाहावी लागते. चंद्रपूरला टाटा ट्रस्ट, जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणि राज्य शासनाच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभारले गेले, ही आपल्या भागासाठी मोठी गोष्ट आहे. तरी अहेरीहून चंद्रपूरही शंभर किलोमीटरपलीकडेच आहे.

शहरातला रुग्ण रिक्षाने शेक घेऊन दुपारी घरी परततो. आपल्याकडच्या रुग्णाला त्याच उपचारासाठी घर, मजुरी आणि मुलेबाळे महिनाभर सोडावी लागतात. दोघांचे औषध एक, पण त्याची किंमत दोघांसाठी वेगळी. म्हणून न्याय फक्त बिल माफ करण्याने पूर्ण होत नाही.

हक्काचे ते घ्या

राज्याची जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक हे तिन्ही मिळतात. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. आधी त्याला भेटावे. मदत क्रमांक 155388.

आपल्या घरांत एक अडचण हमखास येते. रेशनकार्डावर 'शेख', आधारवर 'शेक'. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर माहेरचे नाव. आजारी बाई मशीनजवळ पोहोचते आणि अर्ज नावापाशी अडतो. घरातले सर्वजण धडधाकट असतानाच ही नावे एकसारखी करून घ्या. हे काम तालुक्यातच होते आणि त्याला फारसा खर्चही नाही.

कर्करोगामुळे ज्याला कमावता येत नाही, अशा गरीब रुग्णाला संजय गांधी निराधार योजनेत दरमहा अनुदान मिळू शकते. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. उपचारासाठी जाताना रेल्वेत रुग्णाला स्लीपरचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. यातले काहीही खैरात नाही. ते मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

शरम आणि तवक्कुल

आजार देणाऱ्या अल्लाहने त्यावर उपायही ठेवला आहे, म्हणून उपचार करा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आधी उंटाचा दोर बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, हेही आपल्याला ठाऊक आहे. मग गाठ लपवणे हे तवक्कुल कसे होईल? परदा जपणाऱ्या भगिनीने महिला डॉक्टर किंवा नर्स जरूर मागावी. पण ती नसेल तर गरजेपुरती पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास मुभा आहे, असे आपले उलेमा सांगत आले आहेत. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत तर खुद्द कुरआनने दिली आहे. रमजानसाठी केमो चुकवू नका.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या तोंडाची, आणि स्त्रियांच्या छातीची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येते तेव्हा "आमच्याकडे कोणी बीमार नाही" म्हणून तिला परत पाठवू नका. छातीत न दुखणारी गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, तोंड कमी उघडणे, यातले काहीही दिसले तर लगेच दाखवा.

आणि खर्रा! मशिदीबाहेर पडताच प्लास्टिकमध्ये घोटलेला खर्रा तोंडात टाकणारे आपलेच भाऊ आहेत. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 2016 पासून जिल्ह्यात 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालू आहे. आपल्या शादीच्या मांडवात मात्र पाहुण्यांसाठी ताट भरून सुपारी-तंबाखू ठेवली जाते. निदान ते ताट तरी उचलू या.

मोहल्ला काय करू शकतो

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने 1998 पासून एक प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी साध्या व्हिनेगरसारख्या द्रावाने गर्भाशयमुखाची तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली जाहीर झाले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. हे साधले ते वस्तीतल्याच बायांनी. त्याच मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना निवारा देते, कारण उपचाराइतकीच पाठ टेकायला जागा लागते, हे कोणीतरी ओळखले होते.

अहेरीसारख्या गावात आपल्याला रुग्णालय बांधायचे नाही. चार कामे पुरेत. एक, सोबतीची पाळी: रुग्ण नागपूरला असेतो आठवडा वाटून घेणारी पाच-सहा माणसे, आणि बाईसाठी बाई. दोन, कागदांचा एक जाणकार तरुण, जो योजनेचे अर्ज आणि दाखले पाहील. तीन, मागे राहिलेल्या घरासाठी डबा, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे औषध. चार, बैतुलमालमध्ये गाडीभाड्याचा वेगळा हिशेब, म्हणजे प्रत्येक वेळी चादर धरण्याची वाट पाहावी लागणार नाही.

खालांच्या नंतर आमच्या गल्लीत सोबतीची पाळी सुरू झाली. वहीत आज नऊ नावे आहेत. पहिल्यांदा ती वही उघडली ती आपल्या जमातीतल्या रुग्णासाठी नव्हे, तर गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका गोंड कुटुंबातील बाईंसाठी. काहींनी विचारले, हा पैसा त्यांना चालतो का? जकातीचे नियम वेगळे आहेत. ते उलेमांना विचारून पाळावेत. पण सदका कोणत्याही गरजूला देता येतो, आणि सोबतीला तर धर्म विचारावाच लागत नाही. प्रेषित (स.) यांनी आपली सेवा करणाऱ्या एका यहुदी मुलाच्या आजारपणात त्याच्या घरी जाऊन विचारपूस केली होती. त्या बाईंनी शेकाचे सर्व दिवस पूर्ण केले. दोन आठवडे त्यांच्याजवळ राहिली ती खालांची सून, कडेवरचे पोर आपल्या आईकडे ठेवून.

इयादत म्हणजे सफरचंदे घेऊन पलंगाशी दहा मिनिटे बसणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. अहेरीत राहणाऱ्यांनी तो वाढवायला हवा. येत्या जुम्याला चादर धरली गेली तर पैसे जरूर टाका. मग पेशइमाम साहेबांना एवढेच विचारा, "नागपूरला त्यांच्याजवळ कोण आहे?"

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांच्यासोबत चालण्याची तौफीक देवो. आमीन.