डीएक्स-७ संश्लेषकाचे स्मृतिकार्ट्रिज : घरगुती प्रतिकृतीची तांत्रिक बाजू

इलेक्ट्रॉनिक वाद्याचे जतन म्हणजे त्याच्या पट्ट्या, कळा व विद्युत मंडल सुस्थितीत ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. यामाहा कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या डीएक्स-७ या संश्लेषकाबाबत तो अपुरा ठरतो. जॉन चाउनिंग यांनी १९७३ च्या शोधनिबंधात मांडलेल्या कंप्रता विरूपणाच्या तत्त्वावर हे वाद्य चालते. त्याचा प्रत्येक नाद म्हणजे सहा ऑपरेटर व त्यांची जोडणी ठरविणारे आकडे होत. वादकाने स्वतः घडविलेले आकडे रॅम कार्ट्रिजमध्ये साठविले जात आणि त्यातील लिथियम बॅटरी संपताच ते नष्ट होतात. वाद्य शाबूत राहते, नाद मात्र जातो. या हानीवरचा उपाय म्हणून घरगुती प्रतिकृतीचा विचार येथे केला आहे.

प्रतिकृतीपूर्वी मूळ मजकूर बाहेर काढणे अगत्याचे आहे. कार्ट्रिजमधील नाद वाद्याच्या अंतर्गत स्मृतीत घेऊन मिडीमार्गे संगणकाकडे पाठविता येतात. मात्र असे करताना अंतर्गत स्मृतीतील ३२ नाद पुसले जातात. म्हणून ते आधी पाठवून ठेवावेत. ही साधी गोष्ट अनुभवी माणूसही घाईत विसरतो. पाठवणीस जेमतेम १.३ सेकंद लागतात.

एक नाद १२८ बाइटांत बसतो. ३२ नादांना ४,०९६ बाइट लागतात. संगणकावर मिळणारी फाइल मात्र ४,१०४ बाइटांची असते, कारण आरंभीचे सहा व शेवटचे दोन बाइट हे केवळ मिडी संदेशाचे वेष्टन होय. ते काढूनच मजकूर चिपवर लिहावा. ते तसेच राहिल्यास सर्व आकडे सहा घरे पुढे सरकतात आणि नाद बिघडतात. ही चूक पडद्यावरच ओळखता येते. नादाचे नाव शेवटच्या दहा बाइटांत असल्यामुळे सरकलेल्या प्रतीत आधी सहा निरर्थक चिन्हे व नंतर नावाची केवळ पहिली चार अक्षरे दिसतात.

लेखनासाठी २७६४ ही ईप्रॉम सोयीची आहे. तिची क्षमता ८,१९२ बाइट, म्हणजे ६४ नादांची. ४,०९६ बाइटांसाठी बारा पत्तारेषा पुरतात. तेराव्या रेषेस लहान स्विच जोडून तिला शून्य वा पाच व्होल्ट दिल्यास ३२ नादांचे दोन संच आलटूनपालटून वापरता येतात. कंपनीच्या रॉम कार्ट्रिजवरही असाच दोन संचांचा स्विच असे. जोडणीच्या टोकांचा क्रम अंदाजाने ठरवू नये. सेवापुस्तिकेतील आकृती व मल्टीमीटर यांनी तो पडताळावा आणि वाद्य बंद असतानाच कार्ट्रिज बसवावे. विद्युतपुरवठ्याची टोके उलट जोडली गेल्यास वाद्यालाच धोका पोहोचतो.

ईप्रॉमला बॅटरी लागत नाही, हे तिचे मोठेपण. वादकाला तिच्यावर नवा नाद साठविता येत नाही, ही मर्यादा. जतनाच्या दृष्टीने ही मर्यादा मला इष्टच वाटते. अतिनील किरणांनी चिपवरील मजकूर पुसला जात असल्याने तिची काचेची खिडकी अपारदर्शक पट्टीने झाकावी आणि त्याच पट्टीवर नादसंचाचे नाव व लेखनाची तारीख नोंदवावी.