फोनवर ‘स’ आणि ‘फ’ सारखेच का वाटतात?

जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग तुमच्या गटांकडून आमच्याकडे येतात. त्यातली काही फोन कॉलवरून घेतलेली असतात. ती लावली की आवाज डब्यातून आल्यासारखा, ‘स’ आणि ‘फ’ एकच, बांगड्यांची किणकिण तर गायब. आजींच्या गळ्यात काही खोट नाही. खोट मोजणीत आहे.

आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला किती वेळा, ते हर्ट्झमध्ये सांगतात. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण २०० हर्ट्झचा, पण ‘स’ची सळसळ बरीचशी ४,०००च्या वर असते. तरुण कानाला २०,०००पर्यंत ऐकू येतं. मोबाईल ही थरथर सलग साठवत नाही. सेकंदाला ठरावीक वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. मोजण्याच्या या वेगाला सॅम्पलिंग रेट म्हणतात.

आता जातं डोळ्यांपुढे आणा. ते एका लयीत फिरतंय, तुम्ही डोळे मिटलेत. दर फेऱ्याला एकदाच क्षणभर डोळे उघडले, तर खुंटा दर वेळी त्याच जागी दिसेल. वाटेल, जातं थांबलंय. फेरा पुरा व्हायच्या जरा आधी उघडत गेलात, तर खुंटा थोडा थोडा मागे सरकलेला दिसेल. म्हणजे जातं चक्क उलटं फिरतंय! खरा फेरा कळायचा तर एका फेऱ्यात दोनपेक्षा जास्त वेळा बघायला हवं.

आवाजाचंही तेच. सेकंदाला जितक्या वेळा मोजाल, त्याच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज खरे टिपले जातात. अमेरिकेत टेलिफोनच्या कामातल्या हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८मध्ये याचा पाया घातला, क्लॉड शॅनन यांनी १९४९मध्ये तो नियम नीट मांडला. साधा फोन सेकंदाला ८,००० वेळा मोजतो, म्हणजे हद्द ४,०००. त्यावरचं मोजायला घेतलं तर उलट्या जात्यासारखा भलताच, खालचा सूर उमटेल. म्हणून ते आधीच चाळून टाकतात. साध्या फोनवर साधारण ३,४००पर्यंतचंच पुढे जातं. ‘स’ त्या चाळणीतच अडकतो. (४जीवरचे काही कॉल १६,०००चे असतात, ते बरे वाटतात.)

तेव्हा ओव्या कॉलवर घेऊ नका. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४४,१०० निवडा. सीडीचाही हाच वेग. निम्मे केले तर २२,०५०, म्हणजे कानाला पुरून उरेल. ९६,०००च्या नादाला लागायचं कारण नाही, आपलं एफएमच १५,०००पर्यंतचा आवाज नेतं. वेव्ह फाइल मात्र मोठी होते: ८,०००ला मिनिटाला सुमारे १ एमबी, तर ४४,१००ला ५ एमबीच्या वर. जागा नसेल तर फोनमधले जुने व्हिडिओ काढा, वेग कमी करू नका. नंतर ८,०००ची फाइल ४४,१००ची करता येते, पण गेलेला ‘स’ तिच्यात परत येत नाही. आणि नव्वदीतल्या आजी त्याच ओव्या पुन्हा म्हणतीलच असं नाही.