वऱ्हाडातील ऐतिहासिक कापूस गिरण्या

वऱ्हाडातील ऐतिहासिक कापूस गिरण्या म्हणजे 19 व्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमरावती, अकोला व त्यांच्या लगतच्या भागांत उभे राहिलेले, कापसावर प्रक्रिया करणारे कारखाने होत. यांत सरकी वेगळी करणारे जिनिंग कारखाने, रुईच्या गाठी बांधणारे प्रेस आणि प्रत्यक्ष सूत कातणाऱ्या गिरण्या असे तीन प्रकार मोडतात. पहिले दोन प्रकार वऱ्हाडातील जवळजवळ प्रत्येक बाजारपेठेत होते. सूतगिरण्या मात्र मोजक्याच निघाल्या. भारतातील प्रमुख कापूस प्रदेशांपैकी एक असलेल्या वऱ्हाडात कापूस भरपूर आणि सूत थोडे, ही विसंगती येथील गिरण्यांची रचना व त्यांचा पुढील इतिहास या दोहोंच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि भारतीय कापसाचे भाव झपाट्याने वाढले. युद्ध संपताच भाव कोसळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळ–नागपूर वाट मात्र त्यानंतर, 1867 मध्ये पूर्ण झाली. म्हणजे वऱ्हाडातून नागपूरपर्यंतची वाट पूर्ण झाली ती तेजी ओसरल्यावर. तरीही तिने येथील शेतीचे वळण कायमचे बदलले. अकोला व बडनेरा ही स्थानके या मुख्य मार्गावर आली. जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती या छोट्या शाखा प्रामुख्याने तेथील कापूस बाजारांसाठी टाकण्यात आल्या. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी अरुंद मापाची, 'शकुंतला' या नावाने ओळखली जाणारी रेल्वेही कापसासाठीच झाली.

मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस 'ऊमरा' या नावाने विकला जाई. हे नाव उमरावती, म्हणजेच अमरावती, यावरून पडले. कापसाच्या बाजारावर कायद्याचे नियंत्रण आणण्याच्या प्रयत्नांतही वऱ्हाड अग्रेसर होता. कारंजा येथील बाजार 1886 मध्ये नियंत्रणाखाली आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला.

जिन आणि प्रेस

वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते. उरलेले बहुतेक वजन सरकीचे. सरकीसह कापूस दूर नेणे म्हणजे दोन तृतीयांश भाडे वाया घालवणे होय. म्हणून जिन शेताजवळच उभारावा लागतो. रुईतून सूत काढताना मात्र वजन फारसे घटत नाही, त्यामुळे सूतगिरणी शेताजवळ असो वा बंदराजवळ, वाहतूक खर्चात मोठा फरक पडत नाही. भांडवल, कुशल कामगार, यंत्रांचे सुटे भाग आणि बाजार हे सर्व मुंबईत एकत्र मिळत असल्याने गिरण्या तिकडे गेल्या आणि वऱ्हाडच्या वाट्याला जिन-प्रेस आले.

या कारखान्याची मांडणी ठरलेली असे. मधोमध विस्तीर्ण मोकळे आवार आणि त्यात बैलगाड्यांतून उतरवलेल्या कापसाचे ढीग. एका बाजूला लांबट जिनघर: त्यात जिनांची रांग, आणि त्या सर्वांना पट्ट्यांनी फिरवणारा एकच लांब लोखंडी दांडा. दांड्याच्या टोकाला वाफेचे इंजिन, बाष्पकोठी व धुराडे. दुसऱ्या बाजूला प्रेसची उंच इमारत. दाब देणारे यंत्र उभे असल्याने तिला उंची लागे. वऱ्हाडच्या पठारावर सर्वत्र मिळणारा काळा पाषाण, वीट, चुना आणि वर लोखंडी पत्रा किंवा कौले ही सामान्यतः वापरली जाणारी सामग्री होती. इमारतींमधील मोकळ्या जागा शोभेसाठी नव्हत्या. रुई ठिणगीने पेटते, त्यामुळे इंजिनघर, जिनघर व गोदाम यांत अंतर राखणे भाग होते.

जिनचा हंगाम काही महिन्यांचाच असे. 1881 चा कारखाना कायदा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. त्यामुळे या इमारतींत सर्वाधिक काम करणाऱ्या स्त्रिया कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहिल्या. शेजारच्या खानदेशातील जिनमधील स्त्रियांच्या अतिदीर्घ कामाच्या तासांचा प्रश्न कारखाना आयोगापुढे आला. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते 1911 च्या कायद्याने.

सूतगिरण्यांची रचना

विदर्भातील गिरण्यांचा आदर्श वऱ्हाडाला लागून असलेल्या नागपुरात होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल तेथे 1 जानेवारी 1877 रोजी सुमारे 30 हजार चात्या व 450 मागांसह सुरू झाली. कच्चा माल जेथे पिकतो तेथेच गिरणी काढावी, हा त्यामागील विचार त्या काळच्या रूढ समजुतीविरुद्ध होता. वऱ्हाडात त्याचे अनुकरण तुरळक झाले. बडनेरा येथे एक गिरणी निघाली, अकोल्यात सावतराम रामप्रसाद मिल व आर. एस. आर. जी. मोहता मिल, तर अचलपुरात विदर्भ मिल उभी राहिली. भारतीय गिरण्यांवर 1896 पासून कापडाच्या उत्पादनावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो 1925 च्या अखेरीस स्थगित होऊन पुढे रद्द झाला. नव्या गिरणीला हा भार सुरुवातीपासूनच सोसावा लागे.

जिनघरापेक्षा सूतगिरणीची इमारत वेगळी असे, कारण तिला तीन गोष्टींची गरज होती: स्थिर प्रकाश, आर्द्रता आणि कंप सहन करणारी जमीन. तुटलेला धागा जोडण्यासाठी कामगाराला तो दिसला पाहिजे, पण थेट ऊन यंत्रावर येता कामा नये. यासाठी करवतीच्या दात्यांसारखे छप्पर बांधून त्याच्या उत्तरेकडील उभ्या बाजूला काचा बसवत. आतील ओतीव लोखंडाचे खांब छप्पर पेलत. दोन खांबांमधील अंतर यंत्रांच्या लांबी-रुंदीवरून ठरे. यंत्रे बहुधा लँकेशायरहून येत आणि त्यांच्याबरोबर इमारतीची मापेही येत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. कापूस पिंजणारा विभाग आगीच्या भीतीने मुख्य इमारतीपासून वेगळा काढत.

आर्द्रतेचा प्रश्न वऱ्हाडात अधिक बिकट होता. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन वारंवार तुटते. मुंबईला समुद्राची दमट हवा आपोआप मिळते. अकोल्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. त्यामुळे कताईखात्यात कृत्रिम रीतीने पाण्याचे तुषार सोडावे लागत व खिडक्या बंद ठेवाव्या लागत. यंत्राला मानवणारी ही दमट, कोंदट उष्णता कामगाराला मात्र त्रासदायक होती. त्यात हवेत तरंगणारा कापसाचा बारीक तंतू फुप्फुसांत जाऊन होणारा बिसिनोसिस हा श्वसनविकार गिरणी कामगारांमध्ये जगभर आढळला आहे.

ऱ्हास व सद्यःस्थिती

जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि नव्या गुंतवणुकीचा अभाव यांमुळे 1960 च्या दशकात देशभर अनेक गिरण्या आजारी पडल्या. 1968 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले. 1974 च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या 103 गिरण्यांत अकोल्याच्या दोन्ही गिरण्या व अचलपूरची विदर्भ मिल यांचा समावेश होता. राष्ट्रीयीकरणामुळे नोकऱ्या काही काळ वाचल्या, पण यंत्रसामग्रीचे नूतनीकरण रखडले. पुढे स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या आणि अकोल्यातील दोन्ही गिरण्या बंद पडल्या. नागपूरची एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे.

मुंबईत बंद गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागा व सार्वजनिक घरांसाठी राखण्याचा नियम 1991 मध्ये झाला. 2001 च्या दुरुस्तीने तो बराच पातळ झाला, तरी त्यावर न्यायालयात व रस्त्यावर वाद तरी घालता आला. हा नियम बृहन्मुंबईपुरताच होता. वऱ्हाडातील कामगारांना अशा वाट्यावर हक्क सांगण्यासाठी तोही आधार नव्हता.

अचलपूरची कथा थोडी निराळी आहे. मुंबईतील फिनले मिलच्या नावाने महामंडळाने येथे आधुनिक यंत्रांची नवी गिरणी उभारली. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या सर्व 23 चालू गिरण्या थांबल्या, त्यांत हीही होती. ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी कामगारांनी वारंवार आंदोलने केली आहेत.

जिनिंग-प्रेसिंग कारखाने मात्र टिकून आहेत. वाफेच्या जागी वीज आली, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर व मालमोटारी आल्या, गाठीचे प्रमाण वजन 170 किलो झाले. पण सरकी गावाजवळ काढून रुई बाहेर पाठवण्याचा क्रम तोच आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. कापसापासून कापडापर्यंतची सर्व कामे एकाच ठिकाणी व्हावीत, हा या उद्यानाचा घोषित उद्देश आहे.