दवाखाना निवडताना फरशी बघू नका

"डॉक्टरसाहेब, अमुक दवाखाना चांगला आहे का?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात, कुणाच्या वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरलेले असते. मी उलट विचारतो, तुम्हाला काय वाटले? उत्तरे ठरलेली असतात. इमारत नवी आहे. एसी आहे. लिफ्ट आहे. फरशी आरशासारखी आहे. आमच्या पाहुण्यांचे ऑपरेशन तिथेच झाले होते.

वाचकहो, आपण मंगळवेढ्याची माणसे. ज्वारी घेताना मूठभर दाणे हातावर घेऊन एखादा दाताखाली फोडून बघतो. सांगोल्याच्या बाजारात बैल घेताना दात मोजतो, चार पावले चालवून बघतो. पण ज्याच्या हाती घरच्या माणसाचा जीव द्यायचा, तो दवाखाना मात्र रंगावर पसंत करतो.

माझा स्वतःचा दवाखाना म्हणजे तपासणीचे टेबल, दोन बाकडी आणि सलाईन लावायला एक खाट. रुग्ण दाखल करायचा तर दुसरीकडे पाठवावेच लागते. त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत इथली, पंढरपूरची, सांगोल्याची आणि सोलापूरची पुष्कळ नर्सिंग होम मी आतून पाहिली आहेत. त्यावरून माझे एक मत झाले आहे. दवाखाना दिवसा बघू नये, रात्री बघावा.

दिवसा सगळे दवाखाने सारखेच दिसतात. मोठे डॉक्टर असतात, सिस्टर असतात, मेडिकल उघडे असते, प्रयोगशाळा चालू असते. खरी परीक्षा रात्री दोन वाजता होते. म्हणून ऑपरेशन किंवा बाळंतपण ठरवण्याआधी जमले तर रात्री नऊ-दहाच्या सुमाराला एकदा जाऊन या आणि शांतपणे विचारा. रात्री डॉक्टर कोण असतात? ते इमारतीतच असतात की घरी? ऑपरेशन करणारे डॉक्टर बोलावल्यावर किती मिनिटांत येतात? सिस्टर किती, आणि त्यांचे नर्सिंगचे शिक्षण झालेले आहे का? पुष्कळ ठिकाणी पांढरा कोट घालून उभी असलेली मुलगी दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली असते. तिचा दोष नाही. पण रुग्णाची नाडी बिघडली आहे हे ओळखायला शिक्षण लागते, कोट पुरत नाही.

बाळंतपणाचे उदाहरण घ्या. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही तर दोन तासांत बाईचा जीव जाऊ शकतो. मंगळवेढ्याहून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रस्ता आता चांगला झाला असला तरी गाडी मिळवून, रुग्ण आत घालून तिकडच्या दारात पोचेपर्यंत तासाच्या वर जातोच. म्हणजे ओळखायला आणि निर्णय घ्यायला हातात वेळ किती उरला? याच कारणासाठी बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव बघायचा असतो. हे केसपेपरवर लिहिले जाते. तुम्ही तिथे बसलेलेच असता. सिस्टर खरोखर येऊन बघतात का, एवढे तुम्हाला कळू शकते. मी एकदा माझा एक रुग्ण बघायला एका दवाखान्यात संध्याकाळी सात वाजता गेलो होतो. पायाशी लटकवलेल्या तक्त्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे सहापर्यंतची नाडी आणि रक्तदाब आधीच लिहून ठेवलेला होता! सगळे आकडे उत्तम होते.

आता याच्या उलट एक हकिगत सांगतो. बारा खाटांचे जुने नर्सिंग होम, भिंतीचे पोपडे निघालेले, डॉक्टर वरच्या मजल्यावर राहणारे. रात्री एक बाळंतीण अवघडली. डॉक्टर दहा मिनिटांत खाली आले, तपासले आणि म्हणाले, "हे माझ्या आवाक्यातले नाही. आत्ताच हलवा." त्यांनी स्वतः फोन करून पुढच्या दवाखान्यात कळवले, चिठ्ठी लिहिली, आपली सिस्टर गाडीत बसवून दिली. बाई वाचली, बाळही वाचले. आणि घरचे लोक माझ्याकडे येऊन तक्रार काय करत होते? "डॉक्टरांनी हात वर केले." मला त्यांना समजावायला अर्धा तास लागला की वेळेवर हात वर करणारा डॉक्टर मिळाला हे तुमचे नशीब. सगळे इथेच होईल म्हणणाऱ्या दवाखान्यापेक्षा, काय होणार नाही हे आधी सांगणारा दवाखाना मी केव्हाही पसंत करीन. म्हणून आधीच विचारून ठेवा की गुंतागुंत झाली तर तुम्ही कुठे पाठवता? उत्तर तयार असेल तर विचार झालेला आहे असे समजा.

आता कागदांकडे वळू. आपल्या राज्यात नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याने सक्तीची आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेले असले पाहिजे. सोलापूर शहरात हे काम महापालिकेकडे आहे, आपल्यासारख्या गावात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. ते प्रमाणपत्र नुसते आहे एवढे बघून चालणार नाही. मुदत कधी संपते आणि किती खाटांची परवानगी आहे ते वाचा. मग वॉर्डातल्या खाटा मोजा. दिल्लीत विवेक विहार भागात २५ मे २०२४ च्या रात्री एका खासगी बालरुग्णालयाला आग लागून नवजात बालके मेली. पोलिसांनी नंतर सांगितले की परवान्याची मुदत मार्चअखेरच संपलेली होती, परवानगी पाच खाटांची होती आणि आत बारा बाळे होती. आई-बापांनी ती बाळे तिथे ठेवली तेव्हा यातले काहीच त्यांना ठाऊक नसणार.

पाटीवरच्या पदव्याही वाचाव्यात. कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रत्येक शाखेचे आपले ज्ञान आहे, पण पोट उघडायचे असेल तर ते शिकलेला माणूसच हवा. आपल्यापासून फार लांब नसलेल्या म्हैसाळचे प्रकरण मार्च २०१७ मध्ये गाजले. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टराच्या रुग्णालयात बेकायदा गर्भपात करताना एक विवाहिता दगावली, आणि तपासात गावाजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. ते रुग्णालय काही रानात लपलेले नव्हते, गावात राजरोस चालू होते. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा असतो, तो आहे का बघा.

आगीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण याकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बालकांचा कक्ष, मध्यरात्रीनंतरची वेळ, १० बालके गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्यात पंधरा रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, अकरा मृत्यू. दोन सरकारी, एक खासगी. तिन्ही ठिकाणी आग लागली ती जिथे रुग्ण स्वतःच्या पायांनी उठून पळू शकत नाही, अशाच विभागात. या विभागात यंत्रे आणि एसी चोवीस तास चालतात, वायरिंगवर भार असतो आणि हवेत ऑक्सिजन जास्त असतो. ठिणगी पडली की भडका. आणि माणसे बहुधा ज्वाळेने नव्हे, धुराने गुदमरून मरतात.

तुम्हाला वायरिंग कळणार नाही, मलाही कळत नाही. पण दुसरा जिना आहे का, हे कुणालाही बघता येते. त्या जिन्यात मोडक्या खाटा, खोकी आणि सलाईनच्या बाटल्यांचे खोके रचलेले आहेत का? त्याच्या दाराला कुलूप आहे का? खिडक्या उघडतात की एसीसाठी कायमच्या बंद केल्या आहेत? लाल रंगाचे अग्निशामक नळकांडे असते, त्यावरच्या चिठ्ठीवर पुन्हा भरण्याची तारीख लिहिलेली असते. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा द्यावे लागते. ते मागितले तर मालकाने रागावण्याचे कारण नाही. गल्ली इतकी अरुंद असेल की अग्निशमन गाडी आत येणारच नाही, तर मग तिसऱ्या मजल्यावरचा अतिदक्षता विभाग कितीही चकचकीत असो, माझ्या माणसाला मी तिथे ठेवणार नाही.

स्वच्छता म्हणजे फिनेलचा वास नव्हे. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. पावणेदोनशे वर्षे झाली, तरी आमच्या धंद्यातली ती सवय अजून कच्चीच आहे. वॉर्डात बेसिन आहे का, त्याला पाणी आहे का, आणि साबण झिजलेला आहे का ते बघा. कोरा करकरीत साबण म्हणजे तो पाहुण्यांसाठी ठेवलेला आहे. इंजेक्शनची सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरल्यावर पांढऱ्या, टोचणार नाही अशा बंद डब्यात गेली पाहिजे. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्यात, असा २०१६ चा नियम आहे. सगळे एकाच बादलीत जात असेल, तर ऑपरेशनची हत्यारे नीट उकळली जातात यावरही माझा विश्वास बसत नाही.

ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाची चौकशी जरूर करा. लोक सर्जनचे नाव दहा जणांना विचारतात, भूल देणाऱ्याचे कुणी विचारत नाही. तालुक्याच्या गावी एकच भूलतज्ज्ञ तीन-चार ठिकाणी धावत असतो. तो आदल्या दिवशी रुग्णाला तपासणार का, आणि ऑपरेशननंतर रुग्ण पुरता शुद्धीवर येईपर्यंत थांबणार का, हे विचारा. तसेच रक्त कुठल्या रक्तपेढीतून येते आणि यायला किती वेळ लागतो तेही.

पैशाचे बोलायचे तर, जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागते. शेवटचे म्हणजे, तुम्हाला दवाखाना कोण सुचवतो आहे याचाही विचार करा. रिक्षावाला, गाडीवाला आणि, सांगायला लाज वाटते, आमच्यातलेही काही जण कमिशनवर रुग्ण पाठवतात. या प्रकाराविरुद्ध २०१७ मध्ये राज्य सरकारने कायद्याचा मसुदा करवून घेतला, पण त्याचा कायदा झाला नाही. मी पाठवले म्हणूनही डोळे मिटून जाऊ नका, वरचे प्रश्न विचारा. मात्र विचारताना भांडू नका. भला डॉक्टर अशा प्रश्नांनी दुखावत नाही, पण दहा माणसांनी घेराव घालून विचारले तर कोणीही दार लावून घेईल.

अपघात, हृदयविकार किंवा सर्पदंश यांत एवढी चौकशी करायला वेळ नसतो हे मला मान्य आहे. म्हणूनच घरात गरोदर बाई असेल तर सातव्या महिन्यातच, आणि हृदयाचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर या आठवड्यात, कुठे जायचे ते ठरवून ठेवा. प्रसंग आला तर १०८ ला फोन करा. गाडीत ऑक्सिजन आहे का, एवढेच विचारून थांबू नका, सिलिंडर कोणता ते बघा. मोठ्यात साधारण ७००० लिटर प्राणवायू मावतो, मिनिटाला दहा लिटर लागला तर तो अकरा-साडेअकरा तास पुरेल. लहान सिलिंडरमध्ये १५०० लिटर, म्हणजे अडीच तास, तेही तो भरलेला असला तर. वरच्या घड्याळाचा काटा बघितला की कळते. आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे हलवत असतील तर पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय निघू नका. कोणते औषध किती वाजता दिले हे तिच्यात लिहिलेले आहे का, ते गाडी सुटण्याआधी वाचून घ्या.