शोधशब्द किती वेळा?

पुरणपोळीवरच्या लेखात ‘पुरणपोळी रेसिपी मराठी’ हे तीन शब्द जसेच्या तसे दहा वेळा कोंबले, की मराठीचा जीव जातो. आपली भाषा विभक्तीवर चालते: पुरणपोळीला, पोळ्यांसाठी, पुरणाची. शोधयंत्राला नेमका तोच शब्द लागतो, हा आक्षेप एकेकाळी बराचसा खरा होता. पण पानाच्या कोडमधला ‘कीवर्ड्स’ टॅग क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, हे गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आणि २०१९ मध्ये वाक्यातला संदर्भ ओळखणारी ‘बर्ट’ ही प्रणाली शोधासाठी आणली. शब्दांची खोगीरभरती तर गुगलच्या नियमांत स्पॅमच ठरते.

मग शोधशब्द सोडूनच द्यायचा का? मुळीच नाही. वाचक जो शब्द टाइप करतो, तो शीर्षकात आणि सुरुवातीच्या वाक्यांत हवाच. ‘सणाचं गोड पक्वान्न’ असं मोघम लिहिलेलं पान सापडणार कसं? पुढे मात्र हरभऱ्याची डाळ किती शिजवायची, गूळ घातल्यावर पुरण सैल झालं तर काय करायचं, कणीक किती तिंबायची, कटाच्या आमटीसाठी डाळीचं पाणी कधी काढून ठेवायचं, हे नीट सांगावं. लोक हेच प्रश्न शोधतात आणि त्यांचे शब्द अशा मजकुरात आपसूक येतात.